ब्लेडनं कोरलेलं अक्षर

“मावशी, उभं राहवत नाही,” तो म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं.

मी चोवीस वर्षांची, तो एकोणीसचा, आणि मी याची मावशी! कमरेला चाव्यांचा जुडगा, अंगात ढगळ पांढरा कोट, तोंडावर सदा आठ्या. दिसतही असेन मावशीसारखी, पण ते ऐकून घ्यायची तयारी नव्हती.

“मावशी तुझ्या घरी. इथं बाई म्हण,” मी म्हणाले. “छाती पुढं टेकव. हनुवटी वर. हात कमरेवर ठेव, कोपरं पुढं. आणि मी सांगेन तेव्हा श्वास घेऊन धरायचा.”

“श्वासच तर येत नाही, बाई.”

ते मात्र खरं होतं. त्याचे ओठ काळसर पडले होते आणि गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सुपडू सपकाळे त्याचं नाव. केळीचा घड ट्रकमध्ये वर देताना छातीत कळ निघाली आणि तो तिथंच बसला. मुकादमानं टेम्पोत घालून पाठवून दिला. बरोबर आई होती, वच्छलाबाई. काटकुळी बाई, मुलाचा सदरा पोटाशी धरून दारात उभी होती. आमच्या भागात सुपडू नाव कुणाचं असतं, ते सांगायला लागत नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला जन्मल्या जन्मल्या सुपात घालतात आणि तेच नाव ठेवतात, म्हणजे मरण त्याला टाकाऊ समजून पुढं जातं. हिचे आधीचे दोन गेले होते. हा तिसरा आणि एकुलता एक.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. तापीकाठचं तालुक्याचं गाव, केळीचा पट्टा, आणि एका ट्रस्टचा चाळीस खाटांचा दवाखाना. मी तिथं एक्स-रे टेक्निशियन होते. लागून आठ महिने झाले होते. लग्न मोडून माहेरी आलेली मुलगी मी, वडिलांच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायची पाळी चुकावी म्हणून हट्टानं कोर्स केला होता. त्या शनिवारी ट्रस्टची बैठक होती आणि त्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. बाईमाणसाला यंत्र झेपत नाही म्हणणारे दोघे तिघे त्या ट्रस्टवर होते. माझ्या आधीचे वाणी मास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांचा भाचा कोर्स करून तयारच बसला होता.

त्या दिवशी होता गुरुवार. सकाळचे अकरा वाजले होते.

आमचं यंत्र जुनं. टेबलावर विजेचा काटा होता, तो लाल रेघेवर आला तरच फोटो घ्यायचा. खाली असला तर फिल्म वाया. आणि मे महिन्यात काटा लाल रेघेवर राहील तर शपथ. सुपडूला मी एका हातानं धरून उभा केला, दुसरा हात बटणावर, डोळे काट्यावर. काटा वर चढत होता, पुन्हा पडत होता. आई दारातून “बाबू, बाबू” करत होती. काटा एकदाचा रेघेवर आला.

“घे श्वास! धर!”

बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. झालं काम. मी फिल्मची कॅसेट काढून डार्करूमकडे पळाले, आणि पळताना मनात आपली पाठ थोपटत होते की एवढ्या धांदलीतही काटा बरोबर साधला.

डार्करूममध्ये गफूरभाई. पंचवीस वर्षं औषधात बुडवून त्यांची बोटं पिवळी झाली होती. अंधारात घड्याळ लागत नसे त्यांना, ओठातल्या ओठात आकडे मोजायचे आणि सेकंदाचा फरक पडायचा नाही. फिल्म औषधातून निघाली, पाण्यातून निघाली, दुसऱ्या औषधात गेली, आणि तेवढ्यात लाल दिवा विझला.

“गेली वीज,” गफूरभाई म्हणाले. “आता दोन वाजता येते का चार वाजता, अल्ला जाणे.”

दवाखान्याला जनरेटर होता, पण तो ऑपरेशनच्या खोलीपुरता. माझ्या यंत्राचा भार त्याला पेलत नव्हता. मी ओली फिल्म हँगरसकट बाहेर आणली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आधी काळीज दिसलं ते उजवीकडे, म्हणजे फिल्म उलटी धरली होती. मी ती पालटली. आता काळीज डावीकडे, जिथं असतं तिथं. आणि डावी बाजू, आई गं, डावी बाजू काळीकुट्ट. एक्स-रेत काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे हाडमांस. फुप्फुसाला बारीकसं भोक पडून हवा छातीत साचली होती आणि फुप्फुस चुरगळून मुठीएवढं झालं होतं. ती हवा नळी घालून काढली नाही तर माणूस तासाभरात गुदमरून मरतो.

गफूरभाई माझ्या खांद्यावरून बघत होते.

“कुमुदबेटी, अक्षर कुठंय?”

मी कोपरे बघितले. चारही बघितले. अक्षर नव्हतं.

आता हे अक्षर म्हणजे काय ते सांगायला हवं. एक्स-रेची फिल्म काचेसारखी आरपार असते. अशी धरा नाहीतर तशी धरा, चित्र दिसतंच, फक्त उजव्याचं डावं होतं. म्हणून फोटो घेतानाच कॅसेटच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर चिकटवायचं, उजव्या अंगाला आर, डाव्या अंगाला एल. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे ते अक्षर फिल्मवर कायमचं पांढरं उमटतं. हा पहिल्या दिवशीचा धडा. मी काट्याकडे बघत बसले आणि अक्षर चिकटपट्टीसकट टेबलावरच राहिलं.

पंधराच दिवसांपूर्वी असंच झालं होतं. एका बाईच्या हाताचा एक्स-रे होता, अक्षर राहिलं होतं, मी वाळल्यावर शाईनं लिहून दिलं. आमचे मुख्य डॉक्टर अत्तरदे, साठीला टेकलेले, बोलायला कमी आणि करायला कडक. त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर कात्री मागवून त्या फिल्मचे दोन तुकडे केले. मी गप्प बसावं ना? तर म्हणाले, “सर, कुठला हात मोडलाय ते तिलाही विचारता आलं असतं.”

“हात विचारता येतो, कुमुद,” ते म्हणाले. “आतलं विचारता येत नाही. शिशाचं अक्षर फोटोबरोबर पडतं, ते खरं. मागाहून लिहिलेलं अक्षर म्हणजे तुझा अंदाज. पुन्हा असली फिल्म माझ्यासमोर आली तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नकोस.”

मला तो सगळा अपमान वाटला होता. एवढं काय त्या अक्षराचं, असं मी घरी आईला चार वेळा सांगितलं.

“फोटो परत घ्यायचा तर वीज नाही,” मी गफूरभाईंना म्हणाले.

“तोंडानं जाऊन सांग. अक्षर राहिलं म्हणावं. काय खातात का?”

“तुम्हाला सांगायला काय जातं? शनिवारी बैठक तुमची आहे की माझी?”

तेवढ्यात आतून डॉक्टरांची हाक आली, “फिल्म कुठंय? ओलीच आणा!”

वाणी मास्तरांनी जाता जाता मला एक युक्ती शिकवली होती. छातीची फिल्म असली तर घाबरायचं नाही, काळीज बघायचं. ते डावीकडे आलं की फिल्म सरळ. मग फिल्म ओली असतानाच ब्लेडनं कोपऱ्यात अक्षर खरवडायचं. ओला थर मऊ असतो, लोण्यासारखा निघतो, खाली पांढरं दिसतं. शिशाचं की ब्लेडचं, ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत नाही. निम्मे लोक असंच करतात, ते म्हणाले होते.

मी खणातून ब्लेड काढलं.

“अंदाजानं नको, बेटी,” गफूरभाई म्हणाले.

“अंदाज कसला? काळीज दिसतंय ना समोर?”

फिल्मला थर दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दोन्हीकडून थोडं थोडं खरवडलं. पाच रेघांत आर झाला, चांगला ठसठशीत. हात जरासुद्धा थरथरला नाही. ते मला आजही आठवतं.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं. सुपडूला खाटेवर टेकवून बसवलं होतं, तोंड उघडं, प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. कुठं दुखतं विचारलं तर सगळ्या छातीवरून हात फिरवत होता. डॉक्टरांनी फिल्म बघितली, खाली ठेवली आणि छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, परत डावीकडे. मग परत येऊन फिल्म उचलली. एवढा वेळ ते कधी घेत नसत.

“मला उजवीकडं वाटतंय,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “कुमुद, अक्षर शिशाचं आहे?”

“हो, सर.”

“नक्की?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. “मग डावीकडेच. सिस्टर, डावी बाजू तयार करा.”

वाघमारे सिस्टरांनी खाट ढकलली आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. आणि मी, खरं सांगते, सुटकेचा श्वास सोडला. शनिवार वाचला म्हणून.

बाहेर व्हरांड्यात वच्छलाबाई भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या होत्या. मी रिकामी कॅसेट घेऊन त्यांच्यासमोरून पुढं जाणार, तर त्यांनी माझा कोट धरला.

“बाई, काय करतीन त्याले?”

“छातीत हवा साठलीय, ती काढतील. बारीक भोक पाडून नळी घालतात. रोजचं काम आहे त्यांचं.”

“कोणत्या अंगाले?”

“डाव्या.”

“डाव्या व्हय,” त्या म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला. “मंग बरं झालं. काळजाले धक्का नाही.”

मला त्यांच्या अडाणीपणाचं हसू आलं. “मावशी, काळीज डावीकडंच असतं. पण डॉक्टर जपून करतात, भिऊ नका.”

“सगळ्यायचं असंन डावीकडं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “याचं उजव्या अंगाले आहे.”

“काहीतरीच काय?”

“काहीतरी नाही, बाई. तान्हा होता तव्हा छातीशी धरला की इकडून धडधडे.” त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवून बाजू दाखवली. “पहिले दोन बी मीच छातीशी धरले होते. त्यायचं त्या अंगाले लागे, याचं या अंगाले. नर्सबाईले सांगतलं, तं हसली. गावच्या डॉक्टरले सांगतलं, तं म्हणे, बाई, तुझी उजवी डावी चुकू राहिली. मंग मी सांगणंच सोडलं.”

मी उभी होते ती उभीच राहिले.

माणसाचं काळीज उजवीकडे असू शकतं, हे मला ठाऊक होतं. डेक्स्ट्रोकार्डिया. हजारांत नाही, कित्येक हजारांत एखाद्याचं. पुस्तकात त्याचं चित्र होतं, परीक्षेला दोन मार्कांना आलं होतं आणि मला दोनांपैकी दोन मिळाले होते. शब्द तोंडपाठ होता. आणि तसा माणूस माझ्या हाताखाली उभा राहिला, मला मावशी म्हणाला, तर मी त्याची फिल्म उचलून उलटी केली, कारण काळीज डावीकडे पाहिजे ना!

म्हणजे पहिल्यांदा धरली होती तीच सरळ होती. हवा उजवीकडे होती. डावं फुप्फुस चांगलं होतं, आणि तेवढ्या एकावर तो जगत होता. आता डॉक्टर त्याच बाजूला भोक पाडणार होते. तिथून हवा आत शिरली की दोन्ही फुप्फुसं गेली. पोरगा टेबलावरच जाणार.

इथं मी लगेच धावले, असं मला सांगता आलं तर किती बरं झालं असतं. मी धावले नाही. मी उभी राहिले. मनात पहिला आला तो शनिवार. मग वाणी मास्तरांचा भाचा आला. मग वडिलांचा ओटा आला, तांदळाचं ताट आलं, शेजारणी आल्या. मग असंही आलं की ही बाई अडाणी आहे, चुकत असेल, आणि डॉक्टरांना आत गेल्यावर कळेलच. मग आलं की काही झालंच, तर फिल्म कोण बघतंय नंतर. होय, हेही आलं. किती वेळ उभी होते? अर्धं मिनिट असेल, एक मिनिट असेल. गफूरभाई मोजत असते तर त्यांनी सांगितलं असतं.

“काय झालं, बाई?” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. “असं काय तोंड केलं?”

माझ्या हातून कॅसेट खाली पडली. मग मी धावले.

दार ढकलून आत गेले तेव्हा डॉक्टरांच्या हातात चाकू होता आणि सुपडूच्या डाव्या बगलेखाली बोटभर लाल रेघ उमटली होती. कातडीच कापली होती. आत जायचं बाकी होतं.

“सर, थांबा!”

“बाहेर हो. चपला घालून आत येतेस?”

“सर, अक्षर शिशाचं नाही. मी ब्लेडनं कोरलंय.”

खोलीत जनरेटरचा आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांनी चाकू वर धरला तसाच ठेवला.

“काळीज डावीकडे दिसावं म्हणून मी फिल्म फिरवली आणि मग कोरलं. त्याची आई म्हणते, त्याचं काळीज उजवीकडे आहे. लहानपणापासून. हवा उजवीकडे असणार, सर. मी खोटं बोलले.”

मला वाटलं, आता चाकू माझ्या अंगावर येतो. त्यांनी तो ताटलीत ठेवला. स्टेथोस्कोप मागितला, कानाला लावला, आणि सुपडूच्या छातीवर टेकवणार तोच थांबले. कानातून काढून तो त्यांनी वाघमारे सिस्टरांच्या हातात दिला.

“सिस्टर, तुम्ही ऐका.”

“मी, सर?”

“तुम्ही. मला नीट ऐकू येत नाही. लवकर करा.”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकल्या. डावीकडे ऐकलं. उजवीकडे ऐकलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“डावीकडे श्वास स्वच्छ आहे, सर. उजवीकडे काहीच नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

डॉक्टर टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. काळीज उजवीकडे आहे म्हटल्यावर नळी किती वर आणि किती बाजूला घालायची, ते बोटांनी फासळ्या मोजून दोनदा बघितलं. मग कापलं. नळी आत गेली तशी सूं करून हवा आली, आणि खाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठायला लागले. भराभरा उठत होते, थांबेचनात. सुपडूचे खांदे हळूहळू खाली आले. चार पाच मिनिटांनी त्यानं डोळे उघडून “आई” म्हटलं.

डॉक्टरांनी डाव्या बाजूच्या कापाला दोन टाके घातले. मी भिंतीला चिकटून उभी होते. जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत.

हात धुताना त्यांनी माझ्याकडे पाठ करूनच बोलायला सुरुवात केली.

“दोन वर्षं झाली, कान जातोय माझा. बारीक आवाज लागत नाहीत. आज मला उजवीकडे श्वास ऐकू आला नव्हता, कुमुद. बरोबर ऐकलं होतं मी. पण माझा माझ्या कानावर भरवसा राहिला नाही, म्हणून तुझ्या अक्षरावर गेलो.” त्यांनी नळ बंद केला. “तुला वाटलं असेल, म्हातारा एका अक्षरासाठी जीव खातो. माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं गं.”

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. शेवटी एवढंच म्हणाले, “शनिवारी तुझं तू सांग. माझं मी सांगेन.”

शनिवारचं आत्ताच सांगून टाकते. आम्ही दोघांनीही सांगितलं. त्यांनी स्वतः होऊन शस्त्रक्रिया सोडल्या, पुन्हा चाकू धरला नाही. मला घरी पाठवलं. वाणी मास्तरांचा भाचा सोमवारी रुजू झाला. वडिलांच्या ओट्यावर मी दीड वर्ष तांदूळ निवडले, शेजारणींना जे म्हणायचं ते म्हणू दिलं, आणि मग दुसऱ्या जिल्ह्यात एका दवाखान्यात मला घेतलं. तिथं सगळं आधी सांगूनच लागले. एकतीस वर्षं काम केलं. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही.

सांगायचं आहे ते शुक्रवारचं.

शुक्रवारी दुपारी मी वॉर्डात गेले. सुपडू उशीला टेकून झोपला होता, बाटलीत अधूनमधून एखादा बुडबुडा उठत होता. वच्छलाबाई खाली बसून भाकरी मोडत होत्या. मला बघितलं आणि त्या धडपडत उठल्या. काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी माझे पाय धरले.

“तुमी धावल्या, बाई. सिस्टरबाईनं सांगतलं मले. तुमी आत शिरून थांबवलं म्हणून माझा सुपडू राहिला. देवासारख्या आल्या.”

डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. “डावीकडं थोडा काप गेलाय, तो माझ्या हातून गेला,” एवढंच. माझं नाव घेतलं नव्हतं. आणि सिस्टरांनी मी धावले तेवढंच सांगितलं होतं. म्हणजे या बाईच्या हिशेबी मी देव झाले होते. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं कौतुकानं बघत होती. एकीनं तर हात जोडले.

मला गप्प बसता आलं असतं. खरंच आलं असतं. दवाखान्याला कळवायचं ते शनिवारी कळणारच होतं. या बाईला कळवायची कुणाला गरज होती? तिच्या मनात एक बरी बाई राहिली असती, इतकंच.

मी त्यांना उठवलं आणि खाटेच्या कडेला बसवलं.

“मावशी, पाय धरू नका. ती चूक माझीच होती.” मी सगळं सांगितलं. अक्षर म्हणजे काय, ते कसं राहिलं, ब्लेडनं कसं कोरलं, डॉक्टरांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं बोलले. “आणि तुम्ही काळजाचं सांगितलं, तेव्हाही मी लगेच धावले नाही. उभी राहिले.”

“मी पाहिलं ते,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुमी उभ्या राहिल्या ते. मले वाटलं, तुमाले भोवळ आली.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “कशापायी उभ्या राहिल्या?”

“नोकरी जाईल म्हणून.”

त्यांनी मोडलेली भाकरी फडक्यात बांधली, गाठ मारली, फडकं उशाशी ठेवलं. मला वाटलं, आता तळतळाट देतील. द्यायलाच हवा होता. मी तो घ्यायला बसले होते. ज्या बाईनं दोन मुलं पुरली, तिच्या तिसऱ्याला मी एका शनिवारच्या बदल्यात टेबलावर ठेवून आले होते.

“हात आणा इकडं,” त्या म्हणाल्या.

मी हात पुढं केला. त्यांनी मनगट धरलं. केळीच्या बागेत राबणारा हात, खरखरीत आणि घट्ट. सुपडूची चादर खाली केली, आणि माझा तळवा त्याच्या छातीवर ठेवला, उजव्या अंगाला, नळीपासून जरा वर.

आधी काहीच लागलं नाही. मग लागलं.

“आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

सुपडू झोपेतच कण्हला. त्याला त्रास होईल म्हणून मी हात काढून घ्यायला लागले, तर त्यांनी वरून आपला हात ठेवला आणि दाबून धरला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “घाई करू नका आता. नीट लागू द्या.”